‘काही नाही’ या उत्तराचे दोन अर्थ

गडचिरोलीजवळच्या वसा आणि अमिर्झा या दोन गावांतील ६५० स्त्रियांच्या आरोग्याविषयीचा एक निबंध जानेवारी १९८९मध्ये ‘द लॅन्सेट’ या लंडनच्या वैद्यकीय साप्ताहिकात प्रसिद्ध झाला, आणि त्यातील एका आकड्याची दखल जगाने घेतली. तपासलेल्या स्त्रियांपैकी ९२ टक्के स्त्रियांना जननेंद्रियांचा एक ना एक आजार होता, आणि दर स्त्रीमागे अशा आजारांची सरासरी ३.६ इतकी भरत होती. त्याच निबंधात दुसराही एक आकडा होता, ज्याची चर्चा त्या मानाने कमी झाली : विचारले तेव्हा ५५ टक्के स्त्रियांनीच आपल्याला काही तक्रार असल्याचे सांगितले होते, आणि उरलेल्या ४५ टक्क्यांचे उत्तर ‘काही नाही’ असे होते. निरोगी ठरलेल्या आठही टक्के स्त्रिया या ‘काही नाही’ म्हणणाऱ्यांतल्याच होत्या असे धरले, तरी शंभरातील किमान ३७ स्त्रिया अशा उरतात, ज्यांचे शरीर एक सांगत होते आणि तोंड दुसरे.

आरोग्याच्या आकड्यांमागच्या मौनाकडे पाहायचे झाले, तर या ३७ स्त्रियांपासूनच सुरुवात करावी लागते. त्या काही लपवत होत्या, की लपवण्यासारखे आपल्याजवळ काही आहे हेच त्यांना वाटत नव्हते, या प्रश्नाच्या उत्तरावर सर्वेक्षण कसे करावे याचा सारा विचार अवलंबून आहे. बाहेरून पाहता दोन्ही मौने सारखीच दिसतात आणि नोंदवहीत दोहोंसमोर एकच फुली पडते, परंतु पहिल्यावरचा उपाय दुसऱ्याला लागू पडत नाही.

झाकलेले आणि अंगवळणी पडलेले

डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी १९८६मध्ये गडचिरोलीत ‘सर्च’ ही संस्था सुरू केली, तेव्हा चंद्रपूरपासून वेगळा होऊन या जिल्ह्याला जेमतेम चार वर्षे झाली होती. ग्रामीण स्त्रियांच्या आरोग्याचा विचार त्या काळी मुख्यतः गर्भारपण, बाळंतपण आणि कुटुंबनियोजन यांच्यापुरता होत असे. गरोदर नसलेल्या स्त्रीच्या गर्भाशयाची, जंतुसंसर्गाची किंवा पाळीच्या दुखण्याची मोजदाद कुणी करत नव्हते. वसा आणि अमिर्झा येथील त्यांच्या अभ्यासाचे वेगळेपण असे, की तो प्रश्नावलीवर थांबला नाही. गावातच शारीरिक तपासणी आणि प्रयोगशाळेतील चाचण्या यांची जोड प्रश्नांना दिली गेली, आणि त्यामुळे सांगितलेले दुखणे व सापडलेले दुखणे ही दोन्ही एकाच स्त्रीच्या बाबतीत शेजारी शेजारी ठेवता आली.

याच अभ्यासातील तिसरा आकडा सर्वांत बोलका आहे. पाहणीतील स्त्रियांपैकी अवघ्या ८ टक्के स्त्रियांची पूर्वी कधी स्त्रीरोगविषयक तपासणी आणि उपचार झाले होते. ज्या दुखण्याकडे कोणत्याही डॉक्टरने कधी पाहिले नाही, आईने आणि सासूनेही जे आयुष्यभर सोसले आणि शेजारणीलाही जे आहे, ते दुखणे ‘आजार’ या खात्यात जमा होतच नाही. अंगावरून पांढरे जाणे, कंबर धरणे, पाळीच्या दिवसांत पोटात गोळा येणे हे बाईच्या जातीला लागलेलेच असते अशी समजूत एकदा पक्की झाली, की ‘काही त्रास आहे का’ या प्रश्नाला ‘काही नाही’ हे उत्तर अगदी प्रामाणिकपणे देता येते. हे अंगवळणी पडलेले मौन होय. झाकलेले मौन याहून निराळे असते : त्यात माणसाला आपली गोष्ट पुरती ठाऊक असते, तिचे नाव ठाऊक असते, आणि ती कुणाच्या कानावर जाऊ नये याची काळजीही असते.

या अभ्यासावर आक्षेप नव्हते असे नाही. पाहणीस पात्र असलेल्या सगळ्याच स्त्रिया तपासणीला तयार झाल्या नाहीत, आणि ज्यांना त्रास आहे त्या अधिक संख्येने पुढे आल्या असतील तर प्रमाण थोडे फुगलेले असू शकते. शिवाय ‘आजार’ कशाला म्हणायचे याची व्याख्या सैल केली की टक्केवारी वाढते आणि घट्ट केली की उतरते. म्हणजे पद्धतीचा हात तक्रारीच्या आकड्यावर असतो तसाच तपासणीच्याही आकड्यावर असतो. मात्र या सर्व शंका जमेस धरूनही ५५ आणि ९२ यांच्यातील दरी बुजत नाही.

शब्द चुकला की उत्तर हुकते

मुंबईत किंवा दिल्लीत बसून तयार झालेली प्रश्नावली या जंगलपट्ट्यात येते तेव्हा तिला आधी भाषांची नदी ओलांडावी लागते. ब्रह्मपुरी, सिंदेवाही, आरमोरी या भागांत झाडीबोली आहे. धानोऱ्याकडे गोंडी, एटापल्ली व भामरागडकडे माडिया, सिरोंच्यात तेलुगू, कोरची व कुरखेड्याकडे छत्तीसगडी आणि मुलचेरा परिसरातील निर्वासितांच्या वसाहतींत बंगाली ऐकू येते. छापील प्रश्नावलीतील ‘योनीमार्गातून होणारा असामान्य स्राव’ हे शब्द प्रमाण मराठी बोलणाऱ्या बाईलाही परके वाटतात, मग इतरांची गोष्टच वेगळी. गावात त्याला ‘धुपणी’ म्हणतात, ‘पांढरे जाते’ म्हणतात, पाळी आली असता ‘बाजूला बसली’ म्हणतात, आणि माडिया गावांत पाळीच्या दिवसांत बायका राहतात ते घर ‘कुर्मा घर’ असते. डॉ. राणी बंग यांनी स्त्रियांचे हे बोलणे वर्षानुवर्षे ऐकून ‘कानोसा’ या पुस्तकात मांडले आहे. शीर्षकातला शब्दच पद्धत सांगणारा आहे, कारण कानोसा घेणाऱ्याला आधी स्वतः गप्प बसावे लागते.

तंबाखूचे उदाहरण याहून सोपे आणि म्हणून अधिक उपयोगी आहे. चंद्रपूर व गडचिरोलीच्या पानठेल्यांवर सुपारी, तंबाखू आणि चुना एकत्र करून प्लास्टिकच्या तुकड्यात घोटलेला खर्रा मिळतो. जो माणूस दिवसाला चार पुड्या खर्रा खातो, त्याला ‘तुम्ही तंबाखू खाता का’ असे विचारले, तर तो ‘नाही’ म्हणू शकतो आणि त्यात त्याला खोटे काही वाटत नाही, कारण त्याच्या लेखी तंबाखू म्हणजे तळहातावर चोळून ओठात धरायची ती. खर्रा हा खर्रा. सकाळी दातांना गुडाखू लावणारी स्त्री तर त्याला दंतमंजन समजते. म्हणूनच जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षण, जे भारतात २००९-१० आणि २०१६-१७मध्ये झाले, ‘तंबाखू’ या एका शब्दावर विसंबत नाही, तर एकेका पदार्थाचे नाव घेऊन विचारते.

शब्दाचा गोंधळ उलट्या दिशेनेही होतो, हे गोव्यातील एका अभ्यासाने दाखवले. उत्तर गोव्यातील हळदोणे येथील प्राथमिक आरोग्य केंद्राच्या हद्दीत डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २,४९४ स्त्रियांची पाहणी केली, तेव्हा पांढरे जाण्याची तक्रार आणि प्रयोगशाळेत सापडणारा जंतुसंसर्ग यांचा मेळ फारसा बसला नाही. त्या तक्रारीचा संबंध मानसिक ताण, शीण आणि घरातील जाच यांच्याशी अधिक जुळला. मनाचे दुखणे सांगायला शब्द नसेल, तर ते शरीराच्या परिचित दुखण्याचे नाव घेऊन बाहेर येते. तेव्हा ‘काही नाही’चे दोन अर्थ असतात तसे ‘पांढरे जाते’ याचेही असतात, आणि त्यापैकी कोणता हे प्रश्नावलीच्या चौकोनातून कळत नाही.

ओसरीवर कोण कोण असते

सर्वेक्षणाची पाठ्यपुस्तके ‘मुलाखत एकांतात घ्यावी’ असे एका ओळीत सांगतात. गडचिरोलीच्या भागातील घराची रचना आणि कामाचे वेळापत्रक पाहिले, की ती ओळ किती अवघड आहे हे ध्यानात येते. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले वेचायला आणि मेमध्ये तेंदूपत्ता तोडायला घरातील माणसे पहाटेच निघून जातात; पावसाळ्यात रोवणी सुरू झाली की दिवसभर चिखलात असतात. त्यामुळे बाई घरी सापडते ती बहुधा संध्याकाळी, म्हणजे नेमकी सगळे घर भरलेले असते तेव्हा. प्रगणक, म्हणजे माहिती गोळा करणारी व्यक्ती, आली की तिच्यासाठी ओसरीवर प्लास्टिकची खुर्ची टाकली जाते, उत्तर देणारी खाली बसते, सासू दाराला टेकते, मुले टॅबच्या उजेडाकडे पाहत गोळा होतात आणि शेजारीण आपल्यालाही काही मिळणार का हे विचारायला येते. पाहुणीला एकटे सोडणे येथे रीतीला धरून नाही, आणि सुनेला पाहुणीबरोबर एकटे सोडणे त्याहून नाही. घरामागच्या सांदवाडीत दोघीच जाऊन बसल्या, तर त्या तिथे काय बोलल्या हा प्रश्न रात्री विचारला जातोच.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाने या अडचणीवर नियमांचा बांध घातला आहे. स्त्रियांना स्त्रीच प्रश्न विचारते. घरगुती हिंसेविषयीचे प्रश्न एका घरातील एकाच स्त्रीला विचारले जातात, जेणेकरून घरात दुसऱ्या कुणाला त्यांचा सुगावा लागू नये. आणि एकांत मिळालाच नाही तर तो भाग सोडून द्यावा, असा दंडक आहे. प्रश्नाची घडणही बदलत गेली. १९९८-९९च्या दुसऱ्या फेरीत मारहाण झाली का असे ढोबळमानाने विचारले गेले, तेव्हा देशातील २१ टक्के विवाहित स्त्रियांनी पंधराव्या वर्षानंतर कुणाकडून तरी मारहाण झाल्याचे सांगितले. २००५-०६च्या तिसऱ्या फेरीत ढकलले का, थोबाडीत मारली का, हात पिरगाळला का, लाथ मारली का असे एकेक कृत्य वेगळे विचारले गेले, तेव्हा एकट्या पतीकडून शारीरिक हिंसा झाल्याचे सांगणाऱ्या विवाहित स्त्रियांचे प्रमाण ३५ टक्के निघाले. सात वर्षांत देशातील नवरे एवढे बदलले असे मानण्यापेक्षा प्रश्न बदलला असे मानणे अधिक सयुक्तिक आहे. ‘मारहाण’ हे मोठे नाव आपल्या घराला लावायला जी स्त्री कचरते, ती ‘थोबाडीत’ या शब्दाला मान हलवते.

प्रश्न तोच, पण कायदा वेगळा, अशी स्थितीही गडचिरोली आणि चंद्रपूर या दोन जिल्ह्यांत पाहायला मिळते. गडचिरोलीत १९९३पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात ती २०१५मध्ये लागू झाली आणि २०२१मध्ये उठली. वैनगंगेच्या एका तीरावर ‘दारू पिता का’ या प्रश्नाला ‘हो’ म्हणणे ही सवयीची कबुली ठरते, तर दुसऱ्या तीरावर गुन्ह्याची. अशा वेळी दोन जिल्ह्यांच्या टक्केवारीची तुलना करणाऱ्याने पिणाऱ्यांची तुलना केली की सांगणाऱ्यांची, हे स्वतःला विचारले पाहिजे. त्यातही मोहाची दारू देवाला वाहिली जाते आणि लग्न-मयतात लागते. तिला ‘दारू’त धरायचे की नाही हे उत्तर देणारा मनाशी ठरवतो आणि प्रगणकाला सांगत नाही.

फासा, पेटी आणि कानाला लावलेला आवाज

झाकलेले मौन उघडण्यासाठी संख्याशास्त्राने ज्या युक्त्या शोधल्या, त्या सर्वांचा गाभा एकच आहे : उत्तर आणि उत्तर देणारा यांची ताटातूट करायची. स्टॅन्ली वॉर्नर यांनी १९६५मध्ये मांडलेल्या यादृच्छिक उत्तर पद्धतीचे एक सोपे रूप फाशावर चालते. उत्तर देणाऱ्याने फासा कुणाला न दाखवता टाकायचा. एक पडला तर डोळे मिटून ‘हो’ म्हणायचे, सहा पडले तर ‘नाही’, आणि दोन ते पाचपर्यंत काहीही पडले तर खरे सांगायचे. समजा ६०० जणांना असे विचारले आणि १८० जण ‘हो’ म्हणाले. त्यातील साधारण १०० जण केवळ फाशामुळे ‘हो’ म्हणाले असणार. उरलेले ८० हे खरे बोललेल्या ४०० जणांपैकी, म्हणजे प्रमाण २० टक्के. एकट्या माणसाचा ‘हो’ कशामुळे आला हे कुणालाही कळत नाही, पण गावाचे प्रमाण कळते. अडचण अशी, की या युक्तीवर विश्वास बसण्यासाठी ती समजावी लागते, आणि आरोग्याचा प्रश्न विचारायला आलेली बाई फासा काढते हेच अनेकांना विचित्र वाटते.

कर्नाटकात एचआयव्ही प्रतिबंधाच्या कामात रुळलेली मतदानकेंद्र पद्धत या दृष्टीने अधिक घरगुती आहे. दहा-बारा जण एकत्र बसतात, प्रत्येकापुढे पुठ्ठ्याचा आडोसा असतो, प्रश्न मोठ्याने वाचला जातो आणि प्रत्येक जण आपली चिठ्ठी पेटीत टाकतो. समोरासमोरच्या मुलाखतीपेक्षा या पेट्यांतून जोखमीच्या लैंगिक वर्तनाचे अधिक ‘हो’ निघाले. मतदान कसे करायचे हे भामरागडच्या टोकाच्या गावालाही शिकवावे लागत नाही, हा या पद्धतीचा मोठा आधार आहे. २००६-०७मध्ये महाराष्ट्रासह सहा राज्यांत झालेल्या तरुणांच्या पाहणीतही मुलाखतीच्या शेवटी एक कार्ड दिले जाई. लग्नापूर्वी संबंध आला होता का याचे उत्तर त्यावर खूण करून, पाकिटात घालून, पाकीट चिकटवून परत करायचे असे.

तिसरी युक्ती यंत्राची. प्रश्न हेडफोनमधून ऐकू येतात, उत्तर बटण दाबून द्यायचे, मुलाखतकार दूर बसतो. अमेरिकेतील किशोरवयीन मुलांवरचा प्रयोग १९९८मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आला. त्यात समलिंगी संबंधांना ‘हो’ म्हणणाऱ्यांचे प्रमाण कागदी प्रश्नपत्रिकेवर १.५ टक्के होते, ते कानातल्या आवाजापुढे ५.५ टक्क्यांवर गेले. हीच युक्ती पुण्यातील तरुणांवर वापरून पाहिली गेली तेव्हा मात्र निकाल एकसारखा आला नाही : महाविद्यालयीन तरुणांना यंत्र मानवले, वस्तीतील तरुणांच्या बाबतीत त्याचा तसा फायदा दिसला नाही. ज्याच्या हाताला यंत्राची सवय आहे त्याला ते मुके वाटते. ज्याला नाही त्याला ते सरकारचा कान वाटू शकते.

या सगळ्या युक्त्या एका गृहीतावर उभ्या आहेत, ते म्हणजे माणसाला आपले उत्तर ठाऊक असते आणि तो ते फक्त झाकतो. वसा गावातल्या ‘काही नाही’ म्हणणाऱ्या स्त्रीपुढे फासा, पेटी आणि हेडफोन तिन्ही ठेवले, तरी तिच्या उत्तरात फरक पडण्याचे कारण नाही, कारण तिने झाकलेले असे काही नाहीच.

न दुखणारा चट्टा

दोन्ही मौने एकाच शरीरावर भेटतात ती कुष्ठरोगात. बाबा आमटे यांनी १९४९मध्ये महारोगी सेवा समिती स्थापन केली आणि वरोऱ्याजवळ आनंदवन उभे केले, त्या चंद्रपूर जिल्ह्यात आणि शेजारच्या गडचिरोलीत हा आजार अजूनही सापडतो. सुरुवातीला त्वचेवर फिकट किंवा लालसर चट्टा येतो, जो दुखत नाही, खाजत नाही आणि बधिर असतो. म्हणजे दुखण्याची जी खूण माणसाला दवाखान्यात नेते तीच नेमकी हरवलेली असते. पुढे बोटे वाकू लागली, की त्याला आजार कळतो, पण तोवर लाज आलेली असते, आणि मुलीच्या सोयरिकीची चिंता असते. आधी सांगावेसे वाटत नाही कारण काही वाटतच नाही, आणि नंतर सांगवत नाही.

दहा हजारांमागे एकापेक्षा कमी रुग्ण ही रेषा देशाने २००५च्या अखेरीस गाठल्याचे जाहीर झाले, आणि त्यानंतर घरोघर शोधण्याऐवजी रुग्ण स्वतःहून येण्यावर भर राहिला. २०१६पासून शोधमोहिमा पुन्हा सुरू झाल्या, तेव्हा लपून राहिलेले रुग्ण मोठ्या संख्येने नोंदीवर आले. या मोहिमेची रीत लक्षात घेण्यासारखी आहे. आशाताई आणि एक पुरुष कार्यकर्ता अशी जोडी घरोघर जाते. ‘कुष्ठरोग आहे का’ असे न विचारता अंग पाहते. घरातील स्त्रियांना आशाताई पाहते आणि पुरुषांना पुरुष. येथे प्रश्नाची जागा नजरेने घेतली आहे, आणि नजर कुणाची असावी याचा विचार आधी झाला आहे.

विचारून जाणारे आणि राहणारे

अंगवळणी पडलेल्या मौनावर आणखी एक उपाय ‘सर्च’च्याच कामात सापडतो, तो म्हणजे मागाहून विचारण्याऐवजी त्या वेळी जवळ असणे. १९९५-९६मध्ये ३९ गावांतील ७७२ गरोदर स्त्रियांच्या बाबतीत गावच्याच आरोग्यदूत बाईने बाळंतपणाच्या वेळी हजर राहून आणि पुढे २८ दिवस घरी जाऊन नोंदी ठेवल्या. त्या नोंदींतून ५२.६ टक्के बाळंतिणींना बाळंतपणात किंवा त्यानंतर काही ना काही आजार झाल्याचे दिसले. वर्षभराने दारात आलेल्या अनोळखी प्रगणकाला यातले बरेचसे ‘बाळंतपण म्हटले की व्हायचेच’ या एका वाक्यात मिळाले असते. अर्भकमृत्यूच्या बाबतीतही हाच अनुभव आहे. जन्मून काही तासांत गेलेले, नावही न ठेवलेले मूल मोजायचे की नाही हे घर ठरवते, आणि म्हणून गावातील कार्यकर्त्याची चालू नोंद व दर सहा महिन्यांची स्वतंत्र घरोघर पाहणी एकमेकींशी ताडून पाहिली जात असे. २००१चा ‘कोवळी पानगळ’ हा अहवाल सरकारी कागदावर न आलेल्या अशाच बालमृत्यूंचा होता, आणि त्यानंतर राज्य सरकारला बालमृत्यूंच्या मूल्यमापनासाठी समिती नेमावी लागली.

राहणाऱ्याचेही तोटे आहेत. गावचीच बाई विचारते तेव्हा दुखणे सांगणे सोपे होते, पण नवऱ्याशिवाय दुसऱ्या कुणापासून दिवस गेले असतील तर ते तिलाच सांगणे सर्वांत कठीण. कारण परकी बाई संध्याकाळच्या बसने निघून जाते आणि गावची बाई उद्या पाणी भरायला भेटते. झाकलेल्या मौनाला परकेपणा आणि आडोसा लागतो, अंगवळणी पडलेल्या मौनाला ओळख आणि वेळ लागतो. एकाच प्रश्नावलीत दोन्ही प्रकारचे प्रश्न एकाच प्रगणकाच्या हाती देऊन एकाच बैठकीत उरकले जातात, तेव्हा त्यातील निम्म्या प्रश्नांसाठी ती व्यक्ती चुकीची असते.

वसा-अमिर्झाच्या पाहणीतील तो आठ टक्क्यांचा आकडा येथे पुन्हा आठवतो. पूर्वी कधीच न तपासलेल्या शंभरातील ९२ स्त्रियांना त्यांच्या दुखण्याविषयी विचारणारा आणि विचारून झाल्यावर औषध देणारा माणूस तोवर भेटलेलाच नव्हता. ‘तुम्हाला काही त्रास आहे का’ हा प्रश्न ऐकताना अशी स्त्री मनात उलट प्रश्न विचारते, ‘सांगितले तर तुम्ही काय करणार?’ प्रश्नावलीत या प्रश्नासाठी चौकोन नसतो. पण प्रगणकाच्या पिशवीत, गावातल्या आरोग्यदूताकडे किंवा जवळच्या दवाखान्यात त्याचे उत्तर तयार असेल, तर ‘काही नाही’नंतर थोडे थांबल्यावर बहुधा पुढचे वाक्य येते.